गोमूचा मान

नोकरीच्या पहिल्या दिवशी ऑफिसात माझ्याशी पहिलं वाक्य बोललं गेलं ते साहेबांकडून नाही की हेडक्लार्ककडून नाही. एक उंच, किडकिडीत, पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टातलं माणूस कपाटाआडून बाहेर आलं, माझ्याकडे एकदा खालून वर पाहिलं आणि म्हणालं, "साडी उलटी नेसलीय तुम्ही. फॉल बाहेर आलाय." एवढं बोलून ते पुन्हा कपाटाआड गेलं. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी एकवीस वर्षांची होते, रत्नागिरीतल्या एका सरकारी दप्तरखान्यात कारकून म्हणून नुकतीच चिकटले होते, आणि साडीची सवय अशी नव्हतीच. मला भयंकर राग आला. ओळख ना देख, आणि एकदम साडीवर! मग मागच्या खोलीत जाऊन पाहिलं तर फॉल खरंच बाहेर होता.

ते पाष्टे. हजेरीपटावर गोविंद पाष्टे. आता एक गोष्ट इथेच सांगून टाकते. ऑफिसात आम्ही सगळे त्यांना 'अहो पाष्टे' म्हणायचो आणि 'ते आले', 'ते गेले' असंच बोलायचो. पण आज लिहायला बसल्यावर माझ्या हातून ते लिहवत नाही. शेवटी मी त्यांना ज्या रूपात पाहिलं त्याच रूपात त्या माझ्यापाशी राहिल्या आहेत. तेव्हा मी पहिल्यापासून 'त्या' असंच लिहिणार आहे. कुणाला खटकलं तर खटकू दे.

आमच्या दप्तरखान्यात जुने कागद लाल खारव्याच्या फडक्यात बांधून फळ्यांवर रचलेले असत. या गाठोड्यांना रुमाल म्हणतात. रुमाल सोडला की वेखंडाचा वास यायचा आणि बारीक धूळ नाकात जायची. बहुतेक कागद मोडीतले. शाळेत मोडी शिकलेले चार म्हातारे तेव्हा गावोगाव होते, पण शाळेतली मोडी वेगळी आणि दीडदोनशे वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने घाईघाईत ओढलेली मोडी वेगळी. ती अख्ख्या ऑफिसात फक्त पाष्टेबाईंना वाचता येत असे. लोक खिडकीशी येत, आजोबा-पणजोबांचा कागद काढायला लावत, आणि पाष्टेबाई हात धुऊन, पुसून, चष्मा लावून तो वाचून दाखवत.

वाचताना त्यांचा एक नियम होता. कागद वरच्या 'श्री'पासून खालच्या शेवटच्या अक्षरापर्यंत पुरा वाचायचा. माणसाला आपल्या उपयोगाच्या दोन ओळी हव्या असतात, त्या मिळाल्या की तो पिशवी उचलतो. पाष्टेबाई मान वर न करता म्हणत, "बसा. पुढे वाचतो." एकदा एक बागायतदार आले. विहीर आपल्याच आजोबांची, हे त्यांना कोर्टात दाखवायचं होतं. कागद निघाला, विहीर त्यांचीच निघाली. गृहस्थ खूश होऊन उठले. "पुढे वाचतो," बाई म्हणाल्या. "पुढचं राहू द्या हो," ते म्हणाले. बाईंनी वाचलंच. पुढे असं होतं की विहिरीचं पाणी एक दिवसाआड शेजारच्यांच्या पोफळीला द्यावं. गृहस्थांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी हापूसची पेटी घेऊन आला, नकलेत ते शेवटचं वाक्य नसलं तर बरं, असा निरोप घेऊन. बाईंनी पेटीला हातसुद्धा लावला नाही. "आंबे परत ने," त्या म्हणाल्या. "आणि शेटना सांग, कागदाला दात नसतात." ऑफिसात आम्ही दिवसभर हसत होतो, आणि पेटी परत गेल्याबद्दल मनातून थोडे हळहळतही होतो.

मला मोडी शिकवली ती त्यांनीच. मी काही मागे लागले नव्हते. एक दिवस त्यांनी माझ्यापुढे एक जुना, बिनमहत्त्वाचा कागद ठेवला आणि म्हणाल्या, "मी मेल्यावर इथं कोण वाचणार? भाऊसाहेब?" भाऊसाहेब म्हणजे आमचे हेडक्लार्क. शिकवताना त्या फार कडक असत. अडलेला शब्द मी अंदाजाने ठोकून दिला की चष्म्यावरून बघत. "तुम्हाला काय असावंसं वाटतं ते मी विचारलं नाही. काय आहे ते सांगा." हे वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकलं असेल.

भाऊसाहेबांना त्यांची चेष्टा केल्याशिवाय चहा गोड लागत नसे. पाष्टेबाईंची चाल, मानेला हलकेच दिलेला झोका, बोलताना उघडझाप होणारी बोटं, सगळ्यांच्या लक्षात यायचं. तृतीयपंथी हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचलेला नव्हता. जे शब्द होते ते कुजबुजीतले होते. दुपारी जेवायला पुरुष मोठ्या टेबलाशी बसत, आम्ही तिघी बायका कपाटामागे. पाष्टेबाई डबा घेऊन मधल्या खिडकीत एकट्या बसत. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट, नाहीतर कुळथाची पिठी. एकदा भाऊसाहेब भर ऑफिसात म्हणाले, "काय पाष्टे, शिमगा जवळ आला वाटतं. कंबर हलायला लागली." सगळे फिदीफिदी हसले. बाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमच्या पणजोबांचा एक कागद परवाच सापडला. वाचू का मोठ्याने? पुरा वाचावा लागेल हं." भाऊसाहेब पुढे महिनाभर गप्प होते. असा कागद खरंच होता का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शिमग्याचं जे भाऊसाहेब बोलले ते मात्र खरं होतं. बाईंचं गाव गणपतीपुळ्याच्या वाटेवर, एसटीतून मध्येच उतरून अर्धा तास चालायचं. शिमग्यात तिथे ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. पालखीपुढे ढोल, सनई, काळ्या झग्यातला, उंच टोपीचा संकासूर, आणि त्याच्याबरोबर गोमू. गोमू म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. ज्या घरी पालखी जाते त्या घरी तो नाचतो, बायका त्याची ओटी भरतात, बोललेले नवस फेडतात. आमच्या भागात यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. पाष्टेबाई अठराव्या वर्षापासून त्या गावच्या गोमू होत्या.

एका वर्षी मी मुद्दाम बघायला गेले. हिरवं नऊवारी, नाकात नथ, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर. पहिल्यांदा मी ओळखलंच नाही, आणि ते काही कपड्यांमुळे नव्हतं. ऑफिसात त्या काठोकाठ भरलेला पेला हातात असल्यासारख्या जपून चालत. इथे तो पेला कुठेतरी ठेवून दिलेला होता. हात मोकळे, मान मोकळी. म्हाताऱ्या बायका त्यांना "गो गोमू" म्हणून हाक मारत होत्या आणि त्या एकीच्या गालाला हात लावून, एखाद्या तरण्या पोरीच्या तान्ह्याला मांडीवर घेऊन तिच्या सासरची चौकशी करत होत्या. मला बघून त्या हसल्या. वर्ष-दीड वर्षाच्या ओळखीत मी त्यांना अशी दात दाखवून हसताना प्रथमच पाहत होते.

शिमगा संपून पालखी देवळात गेली की त्या लुगडं घडी करून ठेवत, नाक्यावरच्या न्हाव्याकडून केस कापून घेत आणि दर वर्षी तापाने पडत. आठ दिवस रजा. त्या वर्षी रजेवरून आल्या तेव्हा गाल बसलेले होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पंधरा दिवस सोंग घ्यायचं म्हणजे दमायला होत असेल ना?"

"पंधरा दिवसांचं काही नाही हो," बाई रुमालाची गाठ सोडत म्हणाल्या. "उरलेले साडेअकरा महिने दमवतात."

मी हो हो म्हटलं. त्या काय बोलल्या हे मला समजायला दोन महिने लागले, आणि समजलं तेव्हा मी घरी भांडी घासत होते. हातातलं पातेलं तसंच ठेवून मी ओट्याशी उभी राहिले. मला फार वाईट वाटलं, आणि आपण इतके दिवस ठोंब्यासारखे वागलो याची लाज वाटली.

दिवाळीच्या सुमारास बाजारपेठेत कोल्हापूरकडून हिजड्यांची एक टोळी यायची. एकदा त्यातली एक म्हातारी उन्हाने दमून आमच्या पायरीवर बसली. पोरं लांबून खडे मारत होती. पाष्टेबाई उठल्या, तांब्याभर पाणी नेऊन दिलं, ती पिऊन होईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. आत भाऊसाहेब "पाष्ट्यांचे पाहुणे आले" म्हणाले ते त्यांना ऐकू गेलंच असणार. परत आल्यावर मला म्हणाल्या, "यांना पूर्वी सनदा असत. राजाच्या, पेशव्यांच्या. गावोगाव हक्क बांधून दिलेले. कुठे जमिनीचा तुकडा, कुठे दारोदारचं मूठभर धान्य. पुढे कंपनी सरकार म्हणालं, असल्या लोकांना कसले हक्क, आणि बंद केले. कागद आहेत. मी वाचलेत."

मी धीर करून विचारलं, "तुम्हाला कधी वाटलं नाही, त्यांच्यात जावं?"

"वाटलं ना. विसाव्या वर्षी कोल्हापूरच्या एसटीत बसून परत उतरलो," त्या म्हणाल्या. "गाव सोडवत नाही. मला दुसरीकडे कुठे काही नको. माझ्या गावात, माझ्या पालखीपुढे जे मिळतं तेवढं राहू दे, बस."

आणि तेवढंसुद्धा त्यांनी एका दुपारी स्वतःच्या तोंडाने घालवलं.

गणपती होऊन गेले होते. देवळात गावकी बसली होती. गावकी म्हणजे गावातल्या कर्त्या पुरुषांची बैठक, आणि तिचा प्रमुख धोंडू गावकर, सत्तरीचा, बारीक डोळ्यांचा, फार हुशार माणूस. मुंबईहून परत आलेल्या एका तरुणाला गोमू व्हायचं होतं. गावकर बाईंना म्हणाला, "गोंद्या, तू आता पंचेचाळीशीचा झायलास. गुडगे वाजतत तुजे. सोंग पोरांना दे आता." यावर 'अजून दोन वर्षं राहू द्या' म्हटलं असतं तर गावाने आनंदाने राहू दिलं असतं. पण जन्मभर लोकांना पुरा कागद ऐकवणाऱ्या माणसाला ते जमेना. त्या म्हणाल्या, "तात्या, ह्ये सोंग नाय. मी हाय ती हीच. सोंग मी हापिसात घेतंय."

मग गावकराने शांतपणे सांगितलं की गोमू हे सोंग आहे. पुरुषाने बाईचं सोंग घ्यायचं, देवाला खेळवायचं आणि शिमगा झाला की उतरवून ठेवायचं. "जो बोलतो सोंगच नाय, त्याला पालखीपुढं कसा उभा करू? ती देवाला फसवणूक व्हईल." निकाल लागला. पुढच्या शिमग्याला गोमू दुसरा.

दुसऱ्या दिवशी हे सगळं त्यांनी मला कागद वाचावा तशा सुरात सांगितलं, एक शब्द न गाळता. शेवटी म्हणाल्या, "गावकर चुकला नाही. रीत तशीच आहे. मीच खरं बोललो." त्या दिवसापासून त्यांनी डबा आणायचं बंद केलं. खिडकीत बसून चहा घेत, तोही अर्धा टाकत. मला भीती वाटायला लागली.

पुढची गोष्ट झाली ती गावकरामुळेच. मार्गशीर्षात तो स्वतः आमच्या खिडकीशी आला. बरोबर दोन माणसं, एकमेकांकडे पाठ करून उभी. पालखीचा पुढचा दांडा कुणाच्या घराने धरायचा यावरून त्या दोन घरांत जुंपली होती, आणि देवळाच्या पेटीत एक जुना मोडी कागद होता. गावच्या म्हाताऱ्यांना तो लागेना. गावकराला पाष्टेबाईंकडे यावं लागलं. त्याने कागद पुढे केला, पण नजर दिली नाही.

बाईंनी हात धुतले, पुसले, चष्मा लावला आणि मनात वाचायला घेतलं. मी समोरच होते. अर्ध्याच्या खाली आल्यावर त्यांचं बोट थांबलं. त्यांचं बोट थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा त्याच ओळीवरून बोट फिरवलं. मग कागद फडक्यात गुंडाळून गावकराच्या हातात दिला.

"रविवारी गावकी बसवा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर वाचतंय. हितं नाय."

ते गेल्यावर मला म्हणाल्या, "तुम्ही या रविवारी. मी वाचलेलं ताडून बघायला कुणीतरी लागेल. तुमच्याशिवाय कोण आहे?"

गावकीत बायका बसत नाहीत. मी देवळाच्या खालच्या पायरीवर बसले, पाण्याला निघालेल्या दोघी-तिघी घागरी ठेवून माझ्या बाजूला टेकल्या. आत चाळीसेक पुरुष, मध्ये धोंडू गावकर, आणि त्याच्यासमोर पांढऱ्या शर्टात पाष्टेबाई. दांड्याचा निकाल पहिल्या दहा ओळींतच लागला. एक घर खूश झालं, दुसरं घर पुटपुटत उठायला लागलं.

"बसा," बाई म्हणाल्या. "कागद आजून संपला नाय."

पुढे देवळातल्या मानांची यादी होती. गुरवाला काय, सुताराला काय, ढोलवाल्याला काय. आणि मग ती ओळ आली. शिमग्यात पालखीपुढे चालणाऱ्याला देवाकडून लुगडं, खण आणि नारळ. पालखीपुढे कोण चालणार, तर गावचा हिजडा. ज्या शब्दाने बाजारात पोरं खडे मारत होती तोच शब्द. कागदात तो गुरव, सुतार यांच्या रांगेत, तसाच साधा लिहिलेला होता. पुरुषाने सोंग घ्यावं, असं त्या कागदात कुठेच नव्हतं. ज्यांचा मान होता ती माणसं कधीतरी गावातून गेली असणार, आणि रिकाम्या जागी गावाने सोंग उभं केलं असणार.

एकच गलका झाला. गलक्यातच बाईंनी पुढची ओळ वाचली. देवाचं लुगडं बारा महिने अंगावर असावं. जो उतरवील त्याचा मान जाईल.

"आमाला काय ठाऊक, तू मनचं वाचतोस का काय?" मागून कुणीतरी ओरडलं. बाईंनी माझ्याकडे बोट केलं. कागद हातोहात पायरीपर्यंत आला. मी उभी राहिले आणि वाचायला लागले. जे होतं ते वाचलं. दोन्ही ओळी होत्या, अगदी स्वच्छ.

कुणी म्हणालं, देवाला कौल लावा. गावकराने मान हलवली. "आन् कौल मिळाला तर?" तो म्हणाला. मग त्याने बारीक डोळ्यांनी बाईंकडे पाहिलं. मला वाटतं त्याला तेव्हा वाट सापडली.

"कागद देवाचा हाय," तो म्हणाला. "त्येच्या फुडं मी कोन? मान तुजा. पन मंग कागद पुरा पाळायचा, गोंद्या. पंधरा दिस नाय. बारा म्हयने. घरात, बाजारात, आन् तुज्या हापिसात बी."

दोघं-चौघं हसले. सगळ्यांना कळलं होतं. सरकारी नोकरी, अठरा वर्षं झालेली. लुगडं नेसून हापिसात कोण जातंय! बाईंचा धाकटा भाऊ शांताराम कोपऱ्यातून उठला, त्याचे डोळे भरले होते. "दादा, नाय म्हन. नोकरी जायल. पेन्शन जायल. लोक जगू देयाचे नायत."

पाष्टेबाईंनी भावाकडे पाहिलं, मग गावकराकडे. "कवापासनं?" त्यांनी विचारलं.

गावकर गडबडला. "शिमग्यापासनं," तो कसाबसा म्हणाला. आणि मग, हरल्यासारखं दिसू नये म्हणून असेल, आवाज चढवून म्हणाला, "आन् येक ध्येनात ठेव. बायका गावकीत बसत नायत. आता हितं तुजी जागा नाय."

मी परत पाठवलेला कागद बाईंनी घडी केला, फडक्यात बांधला, गावकरापुढे ठेवून त्याला हात जोडले. मग त्या चाळीस माणसांमधून वाट काढत बाहेर आल्या, पायऱ्या उतरल्या आणि माझ्यापाशी थांबल्या.

"थोडं सरका," त्या म्हणाल्या.

मी सरकले. घागरीवाली एक बाईही सरकली. पाष्टेबाई आम्हा दोघींच्या मध्ये बसल्या. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांत धरून ठेवले. आत गावकी कुठल्याशा बांधाच्या विषयावर गेली आणि आम्ही तिथेच बसून राहिलो.

बाई मला एसटीपर्यंत सोडायला निघाल्या तेव्हा मी रडकुंडीला आले होते. "ती दुसरी ओळ गाळली असती तर? मान राहिला असता आणि नोकरीही राहिली असती. माझ्याशिवाय कुणाला कळणार होतं?"

"अहो, त्या ओळीसाठीच तर सगळ्यांना बसवलं," पाष्टेबाई म्हणाल्या. "पहिली ओळ मला घरात गुपचूप वाचून पुरली असती."

शिमगा झाला. शिमग्यात त्या कशा नाचल्या ते मी पाहिलं नाही, घरी लग्न होतं. पण त्यानंतरच्या सोमवारी मी ऑफिसात होते. पावणेदहाला पाष्टेबाई आल्या. निळी सुती साडी, पाचवारी, खांद्यावर नीट पदर, हातात रोजची पिशवी. हजेरीपटावर सही केली, हात धुतले आणि रुमाल सोडायला घेतला. अकराला साहेबांनी बोलावलं. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्ही सगळं ऐकलं. उद्यापासून शर्ट-पँट, नाहीतर राजीनामा, असं साहेब म्हणाले. त्यांचाही आवाज फारसा खंबीर नव्हता.

"असं कुठे लिहिलंय, साहेब?" बाईंनी विचारलं.

"सगळं लिहिलेलं असावं लागत नाही, पाष्टे."

"लिहिलेलं नसेल ते मला वाचता येत नाही," बाई म्हणाल्या. पण भांडल्या नाहीत. बाहेर येऊन कोरा कागद घेतला, डावीकडे नीट समास सोडला आणि सुंदर अक्षरात राजीनामा लिहिला. पेन्शनला पात्र व्हायला दोन वर्षं कमी पडत होती. जाताना भाऊसाहेबांच्या टेबलाशी क्षणभर थांबल्या. भाऊसाहेब उभे राहिले. "सांभाळून जा, पाष्टेबाई" एवढंच म्हणाले. ऑफिसात बायकांना नावापुढे बाई लावायची रीतच होती. तरी ते त्यांच्या तोंडून ऐकून मला भडभडून आलं. त्या माणसाबद्दलचा माझा अर्धा राग तिथेच गेला. उरलेला अर्धा आहे अजून.

पुढे दोन वर्षं मी खिडकीशी बसले. सोपे कागद मी वाचत असे. अवघड कागद आला की माणसाच्या कानात सांगत असे, गणपतीपुळ्याच्या एसटीत बसा, अमक्या थांब्याला उतरा. लोक बाईंच्या पडवीत जाऊन वाचून आणत. एकदा तर आमच्या साहेबांनीच एक कागद शिपायाबरोबर गुपचूप धाडला. बाईंनी तो पुरा वाचून, खाली सही न करता परत पाठवला.

मग माझी बदली चिपळूणला झाली. निरोप घ्यायला मी त्यांच्या गावी गेले ते आषाढात. पाऊस सरळ धारेने पडत होता. घरी शांताराम होता. "दादा..." असं म्हणून तो थांबला, आणि म्हणाला, "ती लावनीला गेलीय, खालच्या मळ्यात."

मी छत्री धरून बांधावर जाऊन उभी राहिले. मळ्यात चिखलात वीसेक बायका एका ओळीत ओणव्या होऊन भाताची रोपं लावत होत्या. पाठीवर इरली, लुगड्यांचे काचे वर खोचलेले, पोटऱ्यांपर्यंत चिखल. कुणीतरी गाणं म्हणत होती, बाकीच्या मागे ओढत होत्या. पावसात रंग काही कळत नव्हते, सगळी लुगडी एकाच मातकट रंगाची झाली होती. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेले. मग परत एकदा बघत आले. त्यातल्या पाष्टेबाई कोणत्या, हे मला ओळखता येईना.

शेवटी मी तोंडाभोवती हात धरून ओरडले, "पाष्टेबाई!"

ती सगळी वाडीच पाष्ट्यांची. ओळीतल्या सात-आठ जणींनी एकदम मान वर केली, आणि त्यातली एक हातातली रोपांची मूठ न सोडता मला ओरडून म्हणाली, "कंची गो?"